नागपूरच्या अंगणात फळवेल: आधी मे महिना बघा, मग डिसेंबर

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेसा भागात घर, पूर्वेला बारा फुटांची मोकळी पट्टी, पश्चिमेला कंपाउंडची भिंत, जमीन काळी. डिसेंबर-जानेवारीत कडाका पडतो म्हणून थंडी सोसणारे फळवेल लावायचे आहेत. हार्डी किवी आणि कॉन्कर्ड द्राक्षाची रोपं ऑनलाइन दिसतात. कुठलं घ्यावं, कसं लावावं आणि फळ कधी मिळेल?

दोन्ही घेऊ नका. नागपूरच्या थंडीने ते मरणार नाहीत हे खरं, पण हार्डी किवी मे महिन्यात होरपळेल, आणि जगलीच तर फळ देणार नाही. कॉन्कर्डचं थोडं वेगळं आहे, ते पुढे येतंच.

हार्डी किवीचा वेल पानं गाळून सुप्तावस्थेत गेला की उणे तीस अंशांच्या आसपासची थंडीही काढतो. पण ही थंडी तो नुसती सोसत नाही, त्याला ती हवीच असते. हिवाळ्यात सात अंशांखालचे शेकडो तास मिळाले नाहीत तर वसंतात डोळे (काडीवरचे कोंब) अर्धवट फुटतात आणि फुलं येतच नाहीत. बाजारात मिळणाऱ्या केसाळ किवीच्या हेवर्ड जातीला असे ७०० ते ८०० तास लागतात. आपल्याकडे २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, पण अशा रात्री मोजक्याच. एरवी पहाटे दोन-चार तास गारठा आणि दुपारी पुन्हा २७-२८ अंश. त्या दुपारच्या उबेने पहाटेची कमाईही बरीचशी पुसली जाते. भारतात किवी पहिल्यांदा बंगळुरूच्या लालबागेत लावली गेली. तिथे वेल वाढला, पण थंडी न मिळाल्याने फळला नाही. नंतर १९६३ मध्ये सिमल्याला लावलेल्या वेलांना १९६९ मध्ये फळं आली. लालबागेची हवा आपल्यापेक्षा कितीतरी सौम्य, तिथे जमलं नाही ते नागपुरात जमणं कठीण. शिवाय किवीत नर आणि मादी वेल वेगळे असतात. बियांपासून केलेलं रोप नर आहे की मादी हे पहिलं फूल येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला काही वर्षं जातात. ‘कुठल्याही हवामानात येणारी किवी’ म्हणून विकली जाणारी बियांची पाकिटं म्हणजे पैसे पाण्यात.

कॉन्कर्ड उष्णता त्या मानाने बरी सोसतं, पण गरम भागात त्याचे मणी एकसारखे पिकत नाहीत. एकाच घडात निम्मे जांभळे आणि निम्मे हिरवेगार राहतात. परदेशातून काडी मागवायचा विचार असेल तर तोही सोडा. आयात परवाना आणि पीक-आरोग्य प्रमाणपत्र नसताना लागवडीचं साहित्य आणणं २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाप्रमाणे बेकायदा आहे, आणि त्या काडीबरोबर कुठला रोग येईल ते सांगता येत नाही.

म्हणून वेल निवडताना प्रश्न एकच विचारायचा: मे महिन्यात तो काय करेल? मे २०१३ मध्ये आपण ४७.९ अंश बघितले आहेत. त्या कसोटीला उतरणारे आणि घरी खरंच फळणारे वेल दोन: द्राक्ष आणि पिवळं पॅशन फ्रूट. ड्रॅगन फ्रूटही चढणारंच झाड आहे, पण उघड्या उन्हात त्याच्या फांद्या पिवळ्या पडून भाजतात. एप्रिल ते जून ५० टक्क्यांची शेडनेट लावणार असाल तरच त्याच्या नादी लागा.

द्राक्षात कॉन्कर्डची चव हवी असेल तर बंगलोर ब्ल्यू लावा. ही जात कॉन्कर्डसारखीच लॅब्रुस्का या अमेरिकी द्राक्षाच्या रक्ताची: जाड साल, आत बिया, मणी दाबला की गर सुटून येतो, आणि वास तोच तो उग्र-गोड. रसाला आणि जॅमला उत्तम. घरी लावायला बरी, कारण करपा या बुरशीच्या रोगाला ती बऱ्यापैकी दाद देत नाही. केवडा या दुसऱ्या बुरशीच्या रोगाला मात्र बळी पडते. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेची एआरआय-५१६ ही जात कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांचा संकर आहे. बुरशीजन्य रोगांना ती चांगली टक्कर देते, खात्रीचं रोप मिळालं तर तीच घ्या. थॉम्पसन सीडलेस बाजारात सगळ्यांना आवडतं, पण त्याला सगळेच रोग लागतात आणि घरी तेवढ्या फवारण्या कुणी करत नाही.

जागा पूर्वेची पट्टीच घ्या. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत ती धग वेलाच्या अंगावर सोडत राहते. पूर्वेला सकाळचं सहा तास ऊन मिळालं की द्राक्षाला पुरतं.

आता जमीन. आपल्याकडचे निम्मे वेल उन्हाने जातात आणि उरलेले खड्ड्यात साचलेल्या पाण्याने. काळ्या मातीत तीन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा खणा आणि भरण्याआधी त्यात काठोकाठ पाणी ओता. चोवीस तासांनी पाणी शिल्लक असेल तर पावसाळ्यात त्या खड्ड्याचा हौद होणार आणि मुळं कुजणार. तळाशी गिट्टी टाकून हे सुटत नाही, कारण पाणी जायला वाटच नसते. अशा वेळी खड्डा खालून दीड फूट त्याच मातीने परत भरून घ्या आणि वर दीड फूट उंच, चार फूट रुंद गादीवाफा बांधा. भरायला निम्मी माती, पाव भाग मुरूम किंवा जाड रेती, पाव भाग चांगलं कुजलेलं शेणखत. त्यात एक किलो निंबोळी पेंड, अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि शेणखतात आठवडाभर मुरवलेली ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा (मूळकुज रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा.

मातीत चुनखडी किती आहे तेही पाहून घ्या. सुक्या ढेकळावर व्हिनेगर टाकलं आणि फसफसलं तर चुना भरपूर. अशा जमिनीत कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता असते, युरिया टाकून ती जात नाही. तात्पुरता उपाय म्हणून लिटरला ५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून संध्याकाळी फवारा. कायमचा उपाय हवा तर वेलाला १० ते १५ ग्रॅम ईडीडीएचए चिलेटेड लोह मुळाशी द्या. दुकानदार ईडीटीए प्रकारचं लोह पुढे करेल, ते स्वस्त असतं, पण चुनखडीच्या मातीत टिकत नाही.

रोप शक्यतो डॉगरिज खुंटावर (म्हणजे मुळांसाठी वापरलेल्या दुसऱ्या द्राक्षजातीवर) बांधलेलं कलम घ्या. बोअरचं पाणी क्षारांचं असलं तरी हा खुंट निभावून नेतो, पाण्याचा ताणही सोसतो. लावताना कलमाचा सांधा जमिनीपासून अर्धा फूट तरी वर ठेवा. सांध्याखालून येणारा प्रत्येक फुटवा दिसेल तेव्हा मोडायचा. ‘वेल छतभर पसरला, पाच वर्षं झाली, घड एकही नाही’ अशी तक्रार आली की बहुतेक वेळा खालचा खुंटच फुटून वर गेलेला असतो आणि कलम कधीच मेलेलं असतं. लावायची वेळ सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर. जानेवारीत लावलं तरी जगतं, पण मग मुळं पसरायच्या आतच मे महिना येतो.

मांडव पहिल्याच वर्षी पक्का करा. दोन इंची जीआय पाइप, जमिनीत दोन फूट काँक्रीटमध्ये आणि वर सात फूट. कडेने १० गेजची जीआय तार, मध्ये दीड-दीड फुटावर १२ गेजची. तार टर्नबकलने (तार ताणायच्या स्क्रूने) ताणा, नाहीतर दुसऱ्या वर्षी झोळ पडतो. एका वेलाला आठ बाय आठ फुटांचा मांडव पुरे. आधाराला बांबू लावाल तर त्याचं बूड डांबरात बुडवून लावा. आपल्याकडे वाळवी आधी बांबूत शिरते आणि मग वेलाच्या सालीत.

वेल सरळ एकाच खोडावर वर न्या. बगलफुटी खुडत राहा. शेंडा तारेच्या वर गेला की तारेखाली वीतभर छाटा. तिथून दोन विरुद्ध दिशांना फुटी घ्या, हे झाले ओलांडे. ओलांड्यावर दर वीतभर अंतरावर एक काडी, आणि घड याच काड्यांवर लागतात. हा सांगाडा उभा राहायला पहिलं दीड वर्ष जातं. म्हणजे या ऑक्टोबरात लावलं तर पुढच्या ऑक्टोबरात फळाची अपेक्षा धरू नका, त्याच्या पुढच्या ऑक्टोबरच्या छाटणीवर धरा.

आता मुद्द्याची गोष्ट. थंड देशात द्राक्ष हिवाळ्यात झोपतं आणि आपसूक जागं होतं. आपल्याकडे त्याला ती झोप नाही, म्हणून ते काम कात्री करते. वर्षातून दोन छाटण्या, आणि दोन्ही कराव्याच लागतात. एक चुकली तरी वेल नुसता पसरत राहतो.

पहिली एप्रिलची, खरड छाटणी. सगळ्या काड्या ओलांड्याजवळ एका-दोन डोळ्यांवर कापायच्या. यातून नव्या काड्या येतात आणि पुढच्या हंगामाचे घड त्या काड्यांच्या डोळ्यांत साधारण चाळीस ते सत्तर दिवसांत तयार होतात. नाशिककडे हे काम एप्रिलभर चालतं. नागपुरात मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उरका, म्हणजे पारा ४३ च्या वर जायच्या आत फुटींना चार-पाच पानं आलेली असतात. उशीर झाला तर कोवळी फूट एका दुपारीच करपते. मे महिनाभर वर ३५ ते ५० टक्क्यांची नेट लावा, पण जूनमध्ये ढग आले की लगेच काढा. काडीवर ऊन पडलं नाही तर डोळ्यात घडाऐवजी नुसती बाळी (वेल पकडायला वापरतो तो तंतू) तयार होते. नवी काडी सात पानांवर असताना शेंडा मारा. शेवटच्या डोळ्यातून जी फूट येईल ती पाच पानांवर पुन्हा थांबवा. याला सबकेन म्हणतात. पहिला शेंडा मारलेल्या जागी गाठ बनते आणि तिच्या आसपासचे डोळे सगळ्यांत फळदायी असतात. काड्यांची गर्दी करू नका, चौरस फुटाला एक काडी भरपूर झाली.

मे महिन्यात पूर्ण वाढलेल्या वेलाला रोज २० ते २५ लिटर पाणी लागतं, ते दोन-तीन ड्रिपरने सकाळी लवकर द्या. पाइप दुपारी उघडला तर आत तापलेलं पाणीच मुळांवर जातं. बुंध्यापासून एक फूट सोडून तूर-तुऱ्हाटीचा भुसा किंवा वाळलेल्या पानांचं चार इंची आच्छादन करा. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी वेलाला घालायची आपल्याकडे सवय आहे, ती मोडा. बाष्पीभवनाने त्यात क्षार साठलेले असतात आणि पानांच्या कडा तपकिरी होऊन जळतात.

एक गैरसोय आधीच सांगून ठेवतो. मांडवाची सावली एप्रिलमध्ये सगळ्यांत जास्त हवी असते आणि नेमका तेव्हाच तो छाटून उघडा पडलेला असतो. गाडीवर सावली हवी म्हणून द्राक्ष लावणार असाल तर ते विसरा.

पावसाळ्यात काम एकच: केवडा आवरणं. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग आणि पान उलटलं की त्याच जागी पांढरी कापसासारखी बुरशी. दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा जूनपासून दर बारा-पंधरा दिवसांनी, पावसाची उघडीप बघून बोर्डो फवारा. दहा लिटरला १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना लागतो, पानं कोवळी असतील तर दोन्ही ५०-५० ग्रॅमच घ्या. मोरचूद पाच लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत विरघळवा, चुना दुसऱ्या पाच लिटरमध्ये भिजवून फडक्याने गाळा आणि दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या बादलीत ओतत काठीने ढवळा. मग स्वच्छ घासलेला लोखंडी खिळा मिनिटभर त्यात धरा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडं थोडं चुन्याचं पाणी घालत पुन्हा तपासा. हा खिळा बघितल्याशिवाय फवाराल तर पानं जळतात आणि दोष मोरचुदाला जातो. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं, दुसऱ्या दिवशी ते कामाचं राहत नाही.

दुसरी ऑक्टोबरची, गोडी छाटणी. पाऊस नक्की गेला हे बघून १० ते २० ऑक्टोबरच्या दरम्यान करा. त्याआधी दहा-बारा दिवस पाणी तोडा आणि पाच-सात दिवस आधी हाताने पानं उतरवा. यामुळे डोळे फुगतात. काडी पक्व झाली की नाही ते बोटांनीच कळतं: तपकिरी रंग, वाकवली की करकर आवाज. हिरवी, लवचिक काडी ठेवण्यात अर्थ नाही, ती मुळाशी काढा. सबकेन असेल तर गाठीच्या वर एक-दोन डोळे ठेवून कापा, साध्या काडीवर बंगलोर ब्ल्यूला चार-पाच डोळे ठेवा. शेतकरी डोळे फुटायला हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, घराच्या अंगणात आणूच नका. काही डोळे मागेपुढे फुटले तर फुटू द्यात.

छाटणीनंतर आठ-दहा दिवसांनी डोळे फुगतात आणि तेव्हाच उडद्या येतो. हा छोटा चमकदार भुंगेरा रात्री फुगलेला डोळाच कोरून खातो, दिवसा सुटलेल्या सालीखाली लपतो. म्हणून छाटणीच्या दिवशीच खोडाची सैल साल काढून टाका. त्या आठवड्यात रात्री टॉर्च घेऊन बघा, खाली साबणाच्या पाण्याची परात धरून ओलांडा झटका. दहा रात्री हे केलं तर औषधाची गरज पडत नाही. डिसेंबर-जानेवारीत पानांवर आणि मण्यांवर पिठासारखी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. तापमान ३५ च्या वर असेल तेव्हा गंधक फवारलं तर मणी भाजतात.

खताचं फार डोकं लावू नका. एप्रिल छाटणीला १५ किलो शेणखत, अर्धा किलो सुपर फॉस्फेट आणि ५०-५० ग्रॅम युरिया तीन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. मणी रंगायला लागले की २०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश दोन हप्त्यांत. दुकानात स्वस्त मिळणारं लाल म्युरिएट ऑफ पोटॅश नको, द्राक्षाला क्लोराइड सोसत नाही.

आता पॅशन फ्रूट. कृष्णकमळ घरोघरी असतं, हा त्याचाच फळणारा भाऊबंद. जांभळं पॅशन फ्रूट कूर्गसारख्या थंड डोंगरी भागातलं, नागपुरात पिवळं घ्या. कावेरी हा दोघांचा संकर मिळाला तर तोही चालतो, पण मे महिन्यात त्याला सावली लागते. पिवळ्यातली मेख अशी, की एकाच वेलाचं पराग त्याच वेलाच्या फुलाला चालत नाही. म्हणून वेगवेगळ्या बियांची दोन रोपं, आठ-दहा फुटांवर, जून-जुलैत लावा. एकाच वेलाच्या दोन काड्या लावल्या तर तो एकच वेल धरला जातो आणि फळ धरत नाही. पिवळ्याची फुलं दुपारी बाराच्या सुमारास उघडतात. मोठे काळे भुंगे येत असतील तर काही करायला नको. नसतील तर एक ते चारच्या दरम्यान बारीक ब्रश एका वेलाच्या पाच परागकोशांवर फिरवून दुसऱ्या वेलाच्या फुलातल्या तीन फाट्यांच्या टोकांना लावा. फाटे खाली झुकलेले असतील तेव्हाच पराग लागतो, सरळ उभे असतील तर ते फूल सोडा.

उन्हाळ्यात फुलं गळतात, त्याला इलाज नाही. खरं फळ पावसाळ्यापासून नोव्हेंबरपर्यंतच. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, साल काळी पडून वेल आठवडाभरात लोळतो आणि मग वाचत नाही. फळं नव्या फुटीवरच येतात, म्हणून फेब्रुवारीत पसारा निम्म्याने छाटा. वेल तीन ते पाच वर्षांत थकतो, तेव्हा तिसऱ्या वर्षी नवं रोप तयार ठेवा. फळ तोडायचं नाही, पिकलं की ते आपोआप खाली पडतं. दोन-तीन दिवस ठेवून साल सुरकुतली की कापा, तेव्हा आंबटपणा कमी झालेला असतो.

बंगलोर ब्ल्यू फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला तयार होतं, आणि विदर्भात गारपिटीचा काळही तोच. नेट घडीची ठेवा आणि ढग दाटले की मांडवावर ओढा. बुलबुल आणि खारी यांच्यासाठीही तीच लागते, पण फवारणीच्या दिवशी काढायला विसरू नका. मण्याला रंग आला म्हणजे पिकलं असं नाही. रंगानंतर अजून पंधरा दिवस घड वेलावरच राहू द्या, आणि तोडायच्या आधी घडाच्या सगळ्यांत खालच्या टोकाचा मणी खाऊन बघा. पिकताना शेवटी तोच गोड होतो.